सर वर्गात नसताना : स्वामी रामानंद तीर्थ आणि नागरिकशास्त्राचा खरा तास



१७ सप्टेंबर आला की आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत सकाळी झेंडा लागतो. इस्लापूरलाही लागतो. दोन-तीन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात, त्यात स्वामी रामानंद तीर्थांचं नाव येतं, टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि कार्यक्रम संपतो. मी स्वतः कित्येक वर्षं मुलांना हेच भाषण लिहून दिलं. तारखा बरोबर, नावं बरोबर, शेवटी जयघोष.

एका वर्षी कार्यक्रम झाल्यावर अकरावीतल्या एका मुलीनं मला सहज विचारलं की, सर, हैदराबाद संस्थान मुक्त झालं त्या दिवशी स्वामीजी कुठे होते? मी सांगितलं, तुरुंगात. तिचा पुढचा प्रश्न लगेच आला. ते तुरुंगात होते, तर मग बाहेरचं काम चालवत कोण होतं?

खरं सांगतो, मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पण घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. स्वामीजींचं चरित्र पुन्हा काढून वाचलं आणि लक्षात आलं की पोरीनं नेमक्या जागेवर बोट ठेवलं होतं. आज तुम्हाला स्वामीजींचं आयुष्य सांगणार आहे ते याच प्रश्नाच्या अंगानं. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाला आणि राज्यशास्त्र घेऊन पुढे काय करणार, असं मुलांना विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला हे उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी आपल्या गावाची गोष्ट

तुम्हाला माहीत आहे का, इस्लापूरचं नाव भारताच्या संसदेनं केलेल्या एका कायद्यात छापलेलं आहे? १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात हैदराबाद राज्यातला कोणता भाग कुठे जाणार याची यादी आहे. त्या यादीत औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद, नांदेड यांच्यासोबत आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण नांदेड जिल्ह्यात नव्हतोच. आपलं गाव आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्या दिवशी आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

आजही इस्लापूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोली एकाच दुपारी कानावर पडतात, त्याचं मूळ या भूगोलात आहे. सहस्रकुंडाला गेलात तर पैनगंगेच्या पलीकडे दिसतो तो यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका. १५ ऑगस्ट १९४७ ला नदीच्या त्या काठावर स्वातंत्र्य आलं. या काठावर तेरा महिने आलं नाही, कारण हा काठ निजामाच्या राज्यात होता. मुलांना नदीकाठी उभं करून एवढं सांगितलं तरी नकाशा त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

आता ज्यांच्यामुळे हा नकाशा बदलायला मदत झाली, त्या माणसाकडे वळू.

व्यंकटेश खेडगीकर

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी या गावी. शालेय शिक्षण सोलापूरला झालं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले, तेव्हा व्यंकटेश सतरा वर्षांचाही नव्हता. त्या वयात त्यानं आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचं काम करायचं ठरवलं. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये घेतलं. शेवटचा टप्पा पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा.

इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळी अशा संस्थांच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळत नव्हती. घरच्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. तरीही ते शिक्षण फुकट गेलं नाही, हे पुढे दिसेलच.

दिल्लीतलं प्रात्यक्षिक

शिक्षण झाल्यावर व्यंकटेशराव कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे काम करू लागले. ना. म. जोशी म्हणजे भारतातल्या कामगार चळवळीचे एक संस्थापक आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे सभासद. त्यांचा सचिव म्हणून काम करताना या तरुणाला कायदेमंडळाचं काम अगदी जवळून बघायला मिळालं.

आपण राज्यशास्त्रात विधेयक, चर्चा, दुरुस्ती, मतदान असे शब्द शिकवतो. मुलं ते पाठ करतात. पण एका कामगाराची तक्रार कायदेमंडळातल्या प्रश्नापर्यंत कशी पोचते? त्यासाठी आधी माहिती कोणी गोळा करायची, कागद कोणी तयार करायचे, कोणाला भेटायचं? हे काम ज्यानं एकदा केलं, त्याला पुस्तकातला तो धडा वेगळाच दिसतो. स्वामीजींचं राज्यशास्त्राचं प्रात्यक्षिक इथे झालं असं म्हणायला हरकत नाही.

हिप्परगा आणि अंबाजोगाई

दिल्लीतल्या कामानंतर, १९२९ मध्ये ते आले कुठे? तर हिप्परग्याला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं हे छोटं गाव. तिथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, जाहीर सभा घ्यायची तरीही परवानगी लागे. अशा राज्यात मातृभाषेतून शिकवणारी शाळा चालवणं हेच एक सार्वजनिक काम होतं.

हिप्परग्यालाच १९३० च्या सुमारास त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकरचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. गंमत बघा, संन्यास घेऊन ते हिमालयात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्यांना शाळेतच जायचं होतं.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाला मोमिनाबाद म्हणत. तिथल्या योगेश्वरी शाळेचं काम त्यांनी हाती घेतलं, स्वामीजी मुख्याध्यापक झाले. पण तीन वर्षांतच, १९३८ मध्ये, ते शाळा सोडून पूर्ण वेळ राजकीय कामात उतरले.

आता तुम्ही मुख्याध्यापक असाल तर विचार करा. चांगली चालणारी शाळा, विश्वास ठेवणारे पालक, जीव लावणारी मुलं, आणि मुख्याध्यापक निघून गेले. शाळेचं काय झालं? शाळा बंद पडली नाही. बाबासाहेब परांजपे आणि इतर शिक्षकांनी ती सांभाळली, वाढवली. योगेश्वरी शिक्षण संस्था आजही उभी आहे. स्वामीजी नसताना त्यांचं काम चालू राहिल्याचा हा पहिला दाखला.

त्या काळात मराठवाड्यात अशा शाळांची साखळीच होती. औरंगाबादचं सरस्वती भुवन, सेलूचं नूतन विद्यालय, नांदेडचं प्रतिभा निकेतन, हैदराबादचं विवेकवर्धिनी. पुढे मुक्तिसंग्रामात उतरलेले कितीतरी कार्यकर्ते या शाळांतले शिक्षक होते, नाहीतर विद्यार्थी.

१९३८ : पाच-दहा जणांच्या तुकड्या

हैदराबाद संस्थानात तीन भाषांचे लोक राहत. तेलंगणाचे आठ जिल्हे, मराठवाड्याचे पाच आणि कानडी भागाचे तीन. प्रत्येक भागाची वेगळी परिषद होती. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झालं, अध्यक्ष होते गोविंदराव नानल. पुढचं लातूरला. स्वामीजी या कामात होतेच. पण तिन्ही भाषांच्या लोकांना एका संघटनेत आणल्याशिवाय जबाबदार राज्यपद्धतीची मागणी पुढे सरकणार नव्हती. म्हणून १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं. आणि सरकारनं काय केलं? संघटना जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी घातली.

मग २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. एकदम हजारोंचा जमाव नव्हे. लहान लहान तुकड्या. एक तुकडी पुढे जायची, पकडली जायची, मग दुसरी. पहिल्या तुकडीचे प्रमुख होते गोविंदराव नानल. त्याच तुकडीत नलगोंडा जिल्ह्यातले रावी नारायण रेड्डी होते, मारवाडी समाजातले रामकिशन धूत होते. मराठी माणूस, तेलुगू माणूस आणि मारवाडी माणूस एकाच तुकडीत. तीन दिवसांनी स्वामीजींनी स्वतः सत्याग्रह केला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

एक नेता पकडला म्हणजे चळवळ संपत नाही, हे या तुकड्यांच्या रचनेतच होतं. पुढचा माणूस कोण, हे आधीच ठरलेलं असे. आपल्या वर्गात आपण मॉनिटर नेमतो, पण मॉनिटर गैरहजर असला तर काय, हे ठरवतो का?

त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या मुलांनीही आपलं राज्यशास्त्र वर्गाबाहेर शिकून घेतलं. वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी झाली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजमध्ये मुलांनी ती मानली नाही. शेकडो मुलांना काढून टाकलं गेलं. वर्ष वाया जाणार, घरी काय सांगायचं, सगळं होतंच. अशा वेळी नागपूर विद्यापीठानं, तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकारानं, या मुलांना प्रवेश दिला. त्या मुलांमध्ये एक पी. व्ही. नरसिंह राव होते, जे पुढे भारताचे पंतप्रधान झाले. ते स्वामीजींना गुरुस्थानी मानत.

मतभेद लपवू नका

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी भाषणात कधी येत नाही.

आपण मुलांना सांगतो की सगळे नेते एकजुटीनं लढले. ही अर्धीच गोष्ट आहे. स्टेट काँग्रेसमध्ये मतभेद होते आणि चांगलेच होते. एक गट सरकारशी बोलणी करत हळूहळू पुढे जावं अशा मताचा. त्यात बी. रामकृष्ण राव यांच्यासारखे मोठे वकील होते. दुसरा गट स्वामीजींचा, थेट लढ्याच्या बाजूचा. १९४६ मध्ये संघटनेवरची बंदी उठली आणि अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा स्वामीजी या रामकृष्ण रावांच्या विरोधात फार थोड्या फरकानं निवडून आले. सोबतच्या काही जणांनी तर वेगळा रस्ताच धरला. पहिल्या तुकडीतले रावी नारायण रेड्डी पुढे कम्युनिस्ट चळवळीचे मोठे नेते झाले.

स्वामीजींनाही हे भांडण पूर्ण मिटवता आलं नाही. मुक्तीनंतरसुद्धा गटबाजी राहिली. १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले ते रामकृष्ण राव. स्वामीजी मंत्री झाले नाहीत, लोकसभेत गेले.

मुलांपासून हे लपवू नका, अशी माझी विनंती आहे. गटात काम करायला दिलं की मुलं दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतात. हा ऐकत नाही, ती कामच करत नाही. आपण म्हणतो, भांडू नका. त्यापेक्षा त्यांना हे सांगावं की ज्यांच्या नावानं विद्यापीठ आहे त्यांच्या गटातही भांडणं होती. ती मत देऊन सोडवायची, हरलेल्यानं निकाल मानायचा आणि उरलेलं काम चालू ठेवायचं, एवढं शिकता आलं तरी पुष्कळ.

तेरा महिने

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला. निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता. स्वामीजींनी त्या दिवशी हैदराबादच्या सुलतान बाजारात तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, तेव्हा ते सुटले. दोन महिने बाहेर राहिले आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा आत. त्यानंतर थेट सप्टेंबरपर्यंत ते तुरुंगातच होते.

हिशेब करून बघा. त्या तेरा महिन्यांपैकी स्वामीजी जेमतेम दोन महिने बाहेर होते. रझाकारांचा सगळ्यात वाईट काळ, गावं जाळली जात होती, माणसं पळून नदीपलीकडे जात होती, आणि अध्यक्ष गजाआड.

मग काम कोणी केलं? त्यासाठी आधीच कृती समिती नेमलेली होती. दिगंबरराव बिंदू तिचे प्रमुख. मराठवाड्याच्या सरहद्दीवरचं काम मनमाडहून गोविंदभाई श्रॉफ पाहत. ते मुळात शिक्षक. संस्थानाच्या चारी बाजूंनी, भारताच्या हद्दीत, कॅम्प उघडले गेले. सोलापूर, चांदा, बेजवाडा, गदग आणि आपल्या पैनगंगेपलीकडे उमरखेड. शाळा-कॉलेज सोडून आलेली मुलं तिथे होती. कोणी निरोप पोचवे, कोणी निर्वासितांची सोय बघे, कोणी पत्रकं छापे, कोणी शस्त्र हाती घेई. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली, ती लढ्याच्या खर्चासाठी. सगळ्या मार्गांबद्दल तेव्हाही सगळ्यांचं एकमत नव्हतं, आजही नसेल. वर्गात यावर चर्चा जरूर घ्या.

या लढ्यात आपल्या भागानं मोठी किंमत दिली. गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच बिलोलीजवळ अर्जापूरला मारले गेले. हिमायतनगरच्या महाविद्यालयाला हुतात्मा जयवंतराव पाटलांचं नाव आहे. मुलं रोज त्या पाटीखालून जातात. ते कोण होते, हे एकदा त्यांना शोधून काढायला सांगा.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. स्वामीजींची सुटका झाली ती त्यानंतर.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. स्वामीजी तुरुंगात होते आणि काम चालू होतं. ते चालू राहिलं, कारण आधीची वीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शिक्षकांनी माणसं तयार केली होती.

आणखी एक गोष्ट, मन घट्ट करून

आपल्या वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं बसतात. म्हणून हा धडा शिकवताना दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, लढा राजवटीविरुद्ध होता, मुसलमानांविरुद्ध नव्हता. हैदराबादमध्ये इमरोज हे उर्दू वृत्तपत्र चालवणारे शोएबुल्ला खान भारतात सामील व्हावं असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला.

दुसरी, पोलिस कारवाईनंतर अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्या जिल्ह्यांत हे जास्त झालं त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत आपला नांदेडही होता. भारत सरकारनं चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. रझाकारांचे अत्याचार सांगायचे आणि हे गाळायचं, असं केलं तर आपण इतिहास शिकवत नाही, बाजू शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांना हे कळतं. आपणच उगीच घाबरतो.

आपलंच राज्य विसर्जित करा

मुक्तीनंतर स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून आले. या काळातली त्यांची भूमिका मला फार मोलाची वाटते. हैदराबाद राज्य टिकलं असतं तर त्या राज्यातल्या सगळ्यात मोठ्या नेत्यांपैकी ते एक राहिले असते. पण त्यांनी मागणी केली ती हे राज्य तोडण्याची. तेलुगू भाग तेलुगू राज्यात, कानडी भाग कर्नाटकात, मराठी भाग महाराष्ट्रात जावा, लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा. सुरुवातीला दिल्लीतल्या मोठ्या नेत्यांना हे पटत नव्हतं. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपलं. त्याच दिवशी इस्लापूर सर्कल बोथ तालुक्यातून निघालं. आज आपल्या गावचा सातबारा मराठीत निघतो, त्याची मुळं तिथपर्यंत जातात.

शिक्षण मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्यामागच्या नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत स्वामीजी होते. याच कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकरांनी शिकवलं. म्हणजे विद्यापीठ यायच्या कितीतरी आधी आपल्या भागातल्या मुलांना पदवीपर्यंत शिकायची सोय झाली.

२२ जानेवारी १९७२ ला स्वामीजींचं हैदराबादला निधन झालं. समाधी तिथेच, बेगमपेठला आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या भागासाठी वेगळं विद्यापीठ झालं आणि त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. आपली मुलं आज ज्या मार्कशीटवर हे नाव बघतात, ते एका शिक्षकाचं नाव आहे, हे त्यांना माहीत असावं.

वर्गात काय करता येईल?

त्या प्रश्नानंतर मी माझी शिकवण्याची पद्धत थोडी बदलली. पूर्वी मी नोट्स सांगायचो, मुलं उतरवून घ्यायची. आता अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राला वर्षातून एकदा हा उपक्रम घेतो. तुम्हाला जमेल तसा बदलून घ्या.

१. पाच-पाच मुलांचे गट करा. मैत्रीवरून नको, चिठ्ठ्या टाका. तांडा, गाव, पाडा, मुलं-मुली सगळे मिसळू द्या.

२. प्रत्येक गटानं गावातला एकच लहान प्रश्न निवडायचा. पाण्याची टाकी, एसटीची वेळ, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार. फार मोठा प्रश्न नको, नाहीतर काम भाषणावरच थांबतं.

३. कामं वाटून घ्यायची. एक माहिती गोळा करणार, एक अर्ज लिहिणार, एक कार्यालयात जाणार, एक वही-हिशेब ठेवणार. पाचव्याचं काम सगळ्यात अवघड : आपल्याच गटाच्या म्हणण्यातल्या चुका काढायच्या.

४. प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो हे आधी शोधायचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद की आणखी कोणी? निम्मं राज्यशास्त्र इथेच शिकून होतं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, हे मुलांना माहीत हवं. किनवट तालुक्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला जादा अधिकार दिले आहेत. आपलं गाव त्यात आहे का, हे मुलांनाच शोधू द्या.

५. सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही बाजूला व्हा. गटप्रमुखालाही बदला. काम थांबलं तर का थांबलं, यावर चर्चा घ्या. मार्क द्यायचेच असतील तर या आठवड्याला जास्त द्या.

पहिल्या वर्षी माझ्या पाचपैकी तीन गटांचं काम तिसऱ्या आठवड्यात ठप्प झालं. तेव्हा वाईट वाटलं. पण त्यावर झालेली चर्चा वर्षभरातली सगळ्यात चांगली होती. कामं वाटली नव्हती, वही एकाच्याच घरी होती, आणि सगळे जण सर सांगतील म्हणून थांबले होते. हे मुलांनी स्वतः शोधून काढलं.

पालकांनाही एक सांगणं. मूल अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जातो म्हणालं तर अभ्यास सोडून हे काय, असं म्हणू नका. तोही अभ्यासच आहे. सोबत जा, पण बोलू त्याला द्या. अठरा पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा नमुना ६ त्यालाच भरू द्या.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. १९३८ चा सत्याग्रह लहान तुकड्यांनी का केला असेल? तुमची तीन कारणे लिहा.
२. स्वामीजी तुरुंगात असताना कोणकोणती कामे कोणी केली? तक्ता तयार करा.
३. इस्लापूर १९५६ पूर्वी कोणत्या जिल्ह्यात व तालुक्यात होते? घरातल्या वृद्ध माणसांना त्या काळाबद्दल विचारून एक पान लिहा.
४. गटातल्या बहुमताचा निर्णय तुम्हाला पटला नाही तर तुम्ही काय कराल?
५. तुमच्या गावात एखादे काम एकाच माणसावर अवलंबून आहे का? तो माणूस नसेल तर काय होईल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी लिहिण्याआधी आपण शिक्षकांनी एकदा स्वतःसाठी लिहून बघावं. मी लिहिलं होतं. माझ्या वर्गाचं नाव त्यात पहिलं आलं.

उपक्रम करून बघितलात तर मुलांचे अनुभव आमच्यापर्यंत जरूर पोचवा.